उणे साडेएकोणचाळीस किलो

राज्याच्या तिजोरीचं वजन यंदा उणे एकेचाळीस किलो भरलं, त्यामुळे कोषपालपदाच्या निवडणुकीला उभं राहायला उणे एकेचाळीस किलो वजनाचा माणूस लागेल, अशी नोटीस तळेगिरीच्या कोषागाराच्या दारावर लागली. नोटिशीखाली मोठ्या काट्याचे प्रभारी, वजनमापे निरीक्षक भालचंद्र उकिडवे यांची सही होती. सही नेहमीसारखी सुवाच्य होती.

कोषपालाचं वजन तिजोरीइतकंच असावं, हा नियम राज्य झालं तेव्हापासूनचा. लोकांना अंदाजपत्रक कळत नाही, माणूस कळतो, असं पहिल्या विधानसभेत कोणीतरी म्हणालं होतं. म्हणून असं ठरलं की छाननीच्या दिवशी कोषागाराच्या अंगणात मोठा काटा उभारायचा, डाव्या पारड्यात तिजोरी रिकामी करायची आणि उजव्यात उमेदवार बसवायचा. दांडी सरळ राहिली तर अर्ज वैध. वैध ठरलेल्यांतून लोकांनी मतं देऊन एक निवडायचा, आणि पुढची पाच वर्षं तो माणूस रस्त्यातून चालला की राज्याची शिल्लकच चालली आहे असं समजायचं. पहिले कोषपाल एकशे अठ्ठावीस किलोचे पैलवान होते. त्यांना पाहून लोक निश्चिंत झोपत.

मावळते कोषपाल तात्यासाहेब रणनवरे तीन वेळा निवडून आले होते. पहिल्या वेळी ते शहात्तर किलो होते, तिसऱ्या वेळी एकशे चार. मधल्या काळात तिजोरीतलं सोनं निम्म्यावर आलं होतं, पण वजन वाढतच होतं, कारण रणनवऱ्यांनी कर्जरोखेही सोन्याबरोबर डाव्या पारड्यात ठेवायची पद्धत पाडली होती. कर्जरोख्यांचा कागद चांगला जाड असतो. राज्य जितकं कर्ज काढी तितकी तिजोरी जड होई, आणि रणनवरेही श्रीखंडपुरी खाऊन तिच्याबरोबर राहत.

दहा वर्षांपूर्वीच्या छाननीत उकिडव्यांनी एक टिपणी पाठवली होती. ‘कर्ज नक्की कोणत्या पारड्यात ठेवावे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.’ टिपणीत तक्रार नव्हती. त्यांना खरोखरच मार्गदर्शन हवं होतं. ती टिपणी चार खात्यांतून, अकरा टेबलांवरून फिरली आणि या फेब्रुवारीत परत आली. बदली झालेल्या एका अवर सचिवांनी जाताना कपाट रिकामं केलं, तेव्हा ती हाती लागली होती. त्यांनी समासात एकच शब्द लिहिला होता : ‘उजव्या.’

उकिडव्यांनी आदेशाप्रमाणे रोखे उजव्या पारड्यात ठेवले. दांडी उजवीकडे कलली आणि तशीच राहिली. डावीकडे एकेचाळीस किलोंची प्रमाणित वजनं ठेवल्यावर ती सरळ झाली. त्यांनी तीनदा वजन केलं, काट्याला पासंग नाही ना ते पाहिलं, पारडी पुसून घेतली आणि चौथ्यांदा केलं. मग नोटीस लिहिली.

दुसऱ्याच दिवशी रणनवरे त्यांच्या कचेरीत आले. खुर्ची अरुंद म्हणून ते बाकावर बसले.

“काय उकिडवेसाहेब, बाकी सगळं बरं ना? काटा बरा हाय ना?”

“काटा उत्तम आहे, तात्यासाहेब.”

“मग मला एक सांगा. उमेदवारानं कुठल्या पारड्यात बसायचं, हे नियमात कुठं लिवलंय का?”

उकिडव्यांनी नियमांचं पुस्तक उघडून पाहिलं. पाठ होतं, तरी पाहिलं. “‘उमेदवाराने पारड्यात बसावे’ इतकंच आहे. आजवर सगळे उजव्यात बसले.”

“मी डाव्यात बसतो. तिजोरीशेजारी. तिजोरीचाच माणूस मी. मग माझं वजन किती धरणार?”

उकिडव्यांनी कागदावर मांडणी केली. डाव्या बाजूने बसलेला माणूस उजव्या बाजूच्या हिशोबात वजा होतो, यात शंका नव्हती. “उणे एकशे चार.”

“आणि तिजोरी उणे एकेचाळीस. फरक?”

“त्रेसष्ट.”

“मग राज्यानं त्रेसष्ट किलो कर्ज काढायचं. रोखे उजवीकडं टाकले की तिजोरीबी उणे एकशे चार, आन् मीबी. मंत्रिमंडळ परवा बसतंय.”

रणनवऱ्यांच्या सोबत आलेल्या स्वीय सहायकाने वही काढली. “साहेब, कर्जाचं प्रयोजन काय दाखवायचं?”

“निवडणूक पात्रता असंच दाखव की. आपला कारभार पारदर्शक हाय.”

उकिडव्यांना एक सोपा मार्ग दिसत होता. त्यांनी तो सरळ मनाने सुचवला. “तात्यासाहेब, आपण त्रेसष्ट किलो वजन उतरवलंत तरी जमतं. आपण एकेचाळीस भराल, डाव्या पारड्यात बसाल, आणि राज्याला कर्ज काढावं लागणार नाही.”

मग रणनवरे उठले आणि उकिडव्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “उकिडवे, पुढल्या वर्षी निवृत्त होताय ना? व्हा. सुखानं व्हा.”

त्रेसष्ट किलो रोखे म्हणजे किती, हे उकिडव्यांनी ते गेल्यावर मांडून पाहिलं. राज्यातल्या सगळ्या शाळा आणि सगळे दवाखाने नऊ वर्षं बंद ठेवले, तर त्याचं व्याज फिटलं असतं. मुद्दल तसंच राहिलं असतं. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

रविवारी दुपारी जेवताना त्यांनी बायकोला हे सगळं सांगितलं. अनसूयाबाई वाढत होत्या. वाढायला उठल्या की त्यांच्या परकरातून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येई. घराला त्याची सवय होती.

“उणे एकेचाळीस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“अहो, मग मी उभी राहते.”

उकिडव्यांनी घास खाली ठेवला.

अनसूयाबाई लग्नात सत्तेचाळीस किलो होत्या. निरीक्षकाच्या पगारात महिनाअखेर कमी पडे. वरकमाई घरात येत नव्हती, कारण उकिडवे घेत नव्हते. मग जे कमी पडे ते अनसूयाबाई स्वतःतून घालत. तीस तारखेला तांदळाच्या डब्यात हात घालून त्या थोडा वेळ डोळे मिटून उभ्या राहत. हात बाहेर काढत तेव्हा डब्यात चार दिवसांचे तांदूळ असत आणि त्या पावशेराने हलक्या झालेल्या असत. मोठ्या खर्चांना जास्त जाई. त्यांची एक वही होती. सासूबाईंचा मोतीबिंदू, दोन किलो. मंजिरीची इंजिनियरिंगची फी, दर वर्षी सहा. मंजिरीचं लग्न, अकरा. तेरा वर्षांपूर्वी एका सकाळी माळ्यावरचं पातेलं त्यांच्या हाताला शिडीशिवाय लागलं, तेव्हा आपण शून्याखाली गेल्याचं त्यांना कळलं. त्यांनी पातेलं खाली घेतलं, खिडकीच्या गजाला धरून स्वतः खाली आल्या आणि परकराला आतून खिसे शिवले.

त्या खिशांत आता पाच-पाच किलोंची आठ वजनं होती आणि एक किलोचं एक. चाळीत बाईंची ख्याती दमदार पावलांची अशी होती.

“कोषपालाला अंगावर भार बाळगता येत नाही,” उकिडवे म्हणाले. “पाच वर्षं. मागे एकाने खिशात शिसं भरलं होतं, तेव्हापासून नियम आहे. तुला हे सगळं काढावं लागेल. दालनाच्या छताला टेकून राहावं लागेल. बाहेर पडता यायचं नाही, घरी येता यायचं नाही.”

“कळतंय मला.”

“मग घराचं काय?”

“सव्वीस वर्षं मी चालवलं. पाच वर्षं तुम्ही चालवा.” त्यांनी त्यांच्या पानात आमटी वाढली. “तो रणनवरे त्रेसष्ट किलोंचं कर्ज काढणार, ते कोणाच्या घरातून जाणार? सगळ्या बायकांना खिसे शिवायला लावणार का?”

आमटी निवत चालली. बाईंनी बसताना एका हाताने जमिनीचा आधार घेतला.

“आणखी एक सांगू? सबंध जिल्ह्याची वजनं तपासलीत तुम्ही. दूधवाल्याची मापं तपासलीत, सोनारांचे काटे तपासलेत. माझं वजन कधी केलंत?”

केलं नव्हतं. वजनमापे निरीक्षकाची बायको काट्यावर उलटी भरते, हे त्यांना बरं वाटत नव्हतं. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि आत्ताही दाखवलं नाही. पण एक गोष्ट आता सांगणं भाग होतं.

“अगं, तू एकेचाळीस नाहीस.”

“वहीत आहे की. आणि खिशात एकेचाळीस किलो घातले की पाय टेकतात.”

“खिशातली वजनं...” उकिडव्यांनी घसा साफ केला. “ती जप्तीच्या मालाच्या लिलावातली आहेत. नवी परवडत नव्हती. ज्यांनी ज्यांनी गिऱ्हाइकाला फसवलं त्यांची वजनं मी जप्त केली, आणि लिलावात घेतली. पाच किलोंचं एकही पाच किलो नाही. आतून पोखरून लाख भरलेली आहेत. नऊ मिळून एकेचाळीस दिसतात, भरतात अडतीस. तू अडतीस आहेस.”

“म्हणजे तेरा वर्षं मी चोरांच्या वजनांवर उभी आहे?”

“हो.”

“आणि तुम्हाला माहीत होतं.”

“प्रत्येकाचं नाव माहीत आहे. उजव्या खिशातलं वरचं, ते कांदेवाल्या घोरपडेचं.”

अनसूयाबाई ताटावरून उठल्या नाहीत. उठल्या असत्या तर आवाज झाला असता. त्या म्हणाल्या, “तीन किलो कमी पडतात एवढंच ना? घालते मी. कमी पडलेलं घालायची सवय आहे मला.”

उकिडव्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूला आकडे लिहिले. मग खोडले. “नाही जमायचं. तू तीन किलो तिजोरीत घातलेस तर तू उणे एकेचाळीस होशील, पण तिजोरी तीन किलोंनी सुधारून उणे अडतीसवर येईल. पुन्हा तोच फरक. वाटेत एकमेकांना ओलांडून जाल.”

बाईंनी कागदाकडे पाहिलं. “मग निम्मे घालते. वाटेत भेटू.”

उकिडव्यांनी पुन्हा मांडलं. दीड किलो घातले, तर अनसूयाबाई उणे साडेएकोणचाळीस आणि तिजोरीही उणे साडेएकोणचाळीस. उत्तर बरोबर होतं. त्यांनी खाली दोन रेघा मारल्या.

छाननी गुरुवारी होती, सकाळी अकरा ते दुपारी तीन. नियम असा होता की एका उमेदवाराशी दांडी सरळ झाली की काट्याला सील लागतं, आणि निवडणूक होईपर्यंत तिजोरीत काही घालता किंवा तीतून काढता येत नाही. रणनवऱ्यांचे रोखे सरकारी छापखान्यात दोन पाळ्यांत छापले जात होते. दुपारी दोनला ट्रक येणार होता. तोवर रणनवरे अंगणात शामियान्याखाली बसून कार्यकर्त्यांबरोबर वडे खात होते. एकशे चारच्या खाली जाऊन चालणार नव्हतं.

सव्वाअकराला अनसूयाबाई रिक्षातून उतरल्या आणि दमदार पावलं टाकत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर आल्या. कल्याणी वाघुलदे नावाच्या या अधिकारी बाई चष्मा कपाळावर ठेवून अर्ज वाचत.

“पतीचे नाव, भालचंद्र उकिडवे. हे आपलेच उकिडवे का?”

“हो, मॅडम,” काट्याजवळून उकिडवे म्हणाले.

“हरकत!” शामियान्यातून रणनवरे ओरडले. “निरीक्षकाची बायको उभी राहती व्हय? काटा घरचाच झाला की!”

वाघुलदे मॅडमनी पुस्तक चाळलं. “निरीक्षकाच्या पत्नीला मनाई नाही. निरीक्षकाला पत्नी असेल, असं नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. हरकत फेटाळली. बाई, अंगावरचा भार काढा.”

अनसूयाबाईंनी एका हाताने काट्याचा खांब धरला आणि दुसऱ्या हाताने एकेक वजन काढून टेबलावर ठेवलं. पहिल्याच वजनाला त्यांचे पाय जमिनीवरून सुटले. नववं ठेवलं तेव्हा त्या खांबाला धरून झेंड्यासारख्या आडव्या झाल्या होत्या. आदल्या दिवशीच साडी खालून परकराला शिवून घेतली होती, त्यामुळे ती जागच्या जागी राहिली. हमालांनी त्यांना उजव्या पारड्यात नेलं. त्यांनी साखळ्यांत पाय अडकवले, पारड्याच्या कडा धरल्या. रोख्यांच्या गठ्ठ्यांसकट उजवं पारडं सावकाश वर उचललं गेलं आणि थांबलं.

दांडी अजून उजवीकडेच किंचित कललेली होती. वाघुलदे मॅडमनी काट्याकडे पाहिलं. “तीन किलो कमी. अर्ज...”

“थांबा मॅडम,” अनसूयाबाई म्हणाल्या. “मला तिजोरीत थोडा भरणा करायचा आहे.”

“काय करायचंय?”

“भरणा.”

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने अर्जाचा नमुना उलटसुलट पाहिला. उमेदवाराने तिजोरीत काही भरल्यास त्याची नोंद कुठे करायची, याला रकाना नव्हता. पावतीपुस्तक मागवलं, तर ते सापडेना. शेवटी अभिलेख कक्षातल्या एका पेटीत मिळालं. पहिलीच पावती कोरी होती आणि पुस्तक छापल्याला पंचावन्न वर्षं झाली होती.

“भरा,” मॅडम म्हणाल्या.

अनसूयाबाईंनी हात लांब केला, डाव्या पारड्यातल्या सोन्याच्या नाण्यांत खुपसला आणि डोळे मिटले. अंगणात वडे तळल्याचा आवाज तेवढा येत होता. उकिडवे दांडीकडे बघत होते. बायकोकडे बघणं त्यांना जमलं नाही. डावं पारडं बोटभर खाली आलं, उजवं बोटभर वर गेलं. बाईंनी हात बाहेर काढला तेव्हा त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. दांडी सरळ झाली.

उकिडव्यांनी ओळंबा लावून पाहिला. पारडी अदलाबदल केल्याशिवाय जेवढ्या तपासण्या करता येतात तेवढ्या केल्या. मग म्हणाले, “उमेदवार उणे साडेएकोणचाळीस. तिजोरी उणे साडेएकोणचाळीस. समान.”

“लाख लावा,” वाघुलदे मॅडम म्हणाल्या.

ट्रक पावणेदोनला आला, पंधरा मिनिटं आधीच. त्रेसष्ट किलो रोखे व्यवस्थित गठ्ठे बांधून आणले होते. काट्याला सील होतं. रणनवरे तरीही डाव्या पारड्यात बसायला निघाले, पण पारड्याला हात लावल्यास सहा महिने कैद आहे, असं मॅडमनी कलम क्रमांकासह सांगितलं. ते शामियान्यात परतले. नव्या रोख्यांवर पुढे कोषपालाची सही झाली नाही, म्हणून ते रद्दीत गेले. रद्दीचे पैसे तिजोरीत जमा झाले. तेही पावती देऊन.

दुसरा कोणी वैध उमेदवार नसल्यामुळे अनसूया उकिडवे बिनविरोध निवडून आल्या. शपथ त्यांनी छताला टेकून घेतली. राज्यपालांना मान वर करून शपथ द्यावी लागली.

कोषागाराचं दालन वीस हात उंच होतं. उकिडव्यांनी आंबे उतरवायचा लांब काठीचा झेला आणला. त्यात घालून फायली वर जात आणि सही होऊन खाली येत. पगाराच्या, औषधांच्या, शाळांच्या फायली त्याच दिवशी खाली येत. कर्जाच्या फायलींवर बाई एकच शेरा मारत : ‘याशिवाय चालते का बघा.’ बऱ्याच खात्यांनी बघितलं. चालत होतं. विश्रामगृहांना गालिचे नसले तरी चालत होतं, परदेशातले अभ्यासदौरे घरी बसून होत होते. व्याज मात्र वाढत होतं, ते जुन्या कर्जाचं होतं. त्याच्यापुढे इलाज नव्हता. दर तिमाहीला वजन होई. तिजोरी थोडी खाली गेलेली असे, बाई निम्मं घालत आणि वाटेत भेटत.

मंत्रिमंडळ अस्वस्थ झालं. मंत्री दालनात येत, वर बघून बोलत, मान अवघडून परत जात.

“बाई, राज्य असं चालत नसतं,” एक मंत्री म्हणाले.

“कसं चालतं, भाऊ?” छतावरून आवाज आला. “मी घर चालवलंय. मला सांगा, मी शिकेन.”

वजन जुळत होतं तोवर कोषपालाला काढता येत नव्हतं. तेव्हा पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बांधकाम खात्याचं एक पत्र आलं. दालनाचं छत जुनं झालं असून कोषपालांच्या सततच्या दाबामुळे त्याला धोका संभवतो, सबब सोमवारी छत पूर्णपणे उतरवून दुरुस्तीस घेण्यात येईल. खर्च एका आमदारांच्या निधीतून होणार होता. तिजोरीवर एका पैशाचाही भार नव्हता.

उकिडव्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि झेल्यातून वर पाठवलं.

“खर्च नाही म्हणजे मला नाही म्हणता येत नाही,” पत्र वाचून बाई म्हणाल्या.

“नाही येत.”

“छत काढलं की वर काय आहे?”

“काही नाही.”

“मग मी जाईन की हो.”

“हो.”

झेल्याची काठी उकिडव्यांच्या हातात तशीच उभी होती. मग ते कचेरीत गेले आणि नोकरीतली शेवटची टिपणी लिहायला बसले. ‘दोरीचे एक टोक कोषपालांच्या कमरेस व दुसरे टोक जमिनीवरील व्यक्तीच्या कमरेस बांधल्यास, सदर व्यक्ती जमिनीवर उभी असल्याकारणाने ती कोषपालांच्या अंगावरील भार समजण्यात येऊ नये. दोरीचे वजन काट्यात धरण्यात यावे.’ या टिपणीवर मार्गदर्शन मागवलं नाही. मार्गदर्शन यायला दहा वर्षं लागतात, याचा त्यांना अनुभव होता, आणि तोवर टिपणी लागू राहते, हेही माहीत होतं.

सोमवारी छत उतरवलं. कंत्राटदाराच्या माणसांनी मधला तुकडा बाजूला केला आणि अनसूयाबाई उन्हात वर गेल्या. पन्नास हातांवर दोर ताणला आणि थांबल्या. खाली उकिडव्यांच्या कमरेला हिसका बसला, टाचा उचलल्या, पुन्हा टेकल्या. ते बासष्ट किलोंचे होते.

छत परत बसवायचं टेंडर अजून निघालेलं नाही. तळेगिरीच्या लोकांनी तेव्हा पहिल्यांदा तिजोरी कुठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. भाजीला निघालेल्या बायका वर बघतात, हात हलवतात, बाई वरून हात हलवतात. रणनवरे वजन उतरवायला लागले आहेत म्हणतात. कोषागारावरून जाणारा रस्ता टाळून ते मागच्या गल्लीने फिरायला जातात.

मे महिन्यात उकिडवे निवृत्त झाले. आता ते कमरेला दोर बांधून दिवसभर अंगणात बाकावर बसतात. आधी वही होती ती बाईंची, आता त्यांचीही आहे. तीत ते रोज सकाळी दोन आकडे लिहितात. काल तिमाही वजन झालं. तिजोरी आणि कोषपाल, दोन्ही उणे चाळीस किलो दोनशे. उकिडवे, बासष्ट किलो तीनशे. उरले बावीस किलो शंभर. कर्जाने तिजोरी त्यापलीकडे खाली गेली तर दोघंही वर.

बाराचा भोंगा झाला तसा त्यांनी डबा उघडला. स्वयंपाक आता त्यांना बरा जमतो, भाकरीचा काठ मात्र अजून फाटतो. बाईंची भाकरी आणि पिठलं त्यांनी दोराला लावलेल्या कप्पीवरून वर पाठवलं. पोचल्याची खूण म्हणून दोर दोनदा हलला.

मग त्यांनी आपली भाकरी खाल्ली, थोडा विचार केला आणि आणखी एक घेतली.